आधी पाना की आधी आकडा?

डिझेल इंजिन या भागाला नवं नाही. सर धनजीशा कूपर यांनी 1922 साली साताऱ्यात फौंड्री काढली आणि पुढे तिथे डिझेल इंजिनं बनू लागली. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. सांगलीच्या अंगाला 1910 पासून किर्लोस्करवाडी आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या दारात मोटारगाडी यायच्या कितीतरी आधी त्याच्या विहिरीवर इंजिन आलं होतं, आणि ‘इंजिनानं एअर धरली’ हे वाक्य इथे मेकॅनिकइतकंच ऊसवालाही सहज बोलतो. एवढं असून दारातली डिझेल गाडी सकाळी सुरू झाली नाही, की मालकाच्या हातात पहिला कागद पडतो तो हाय-प्रेशर पंप आणि इंजेक्टरच्या खर्चाचा. सरसकट पडतो, ही माझी तक्रार आहे.

खाली ज्या दोघांचं बोलणं दिलं आहे ते एकमेकांचे दाजी-मेहुणे. दाजी साताऱ्याचे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आता एमआयडीसीच्या बाजूला छोटं गॅरेज चालवतात. मेहुणे सांगलीचे. आयटीआय केलं, पंप-नोझलच्या दुकानात हात काळे केले, आता स्वतःचं टेस्ट बेंच आहे. दाजींची भिस्त हातावर आणि कानावर, मेहुण्यांची आकड्यावर. दोघांच्या मधे उभी होती एका निवृत्त मास्तरांची सात सीटची जुनी कॉमन-रेल गाडी. सेल्फ खणखणीत, पण इंजिन धरत नव्हतं. एका वर्कशॉपने पंप आणि चारही इंजेक्टर बदलायला सांगितले होते. मास्तर गाडी दोरीने ओढून दाजींकडे घेऊन आले होते.

दाजी : मास्तरांना म्हटलं, घाबरू नका. सेल्फ जोरात फिरतोय, म्हंजे बॅटरीचं दुखनं न्हाई. डिझेल टाकीतनं निघतं, फिल्टरला येतं, पंपाला जातं, पंपातनं नोझलला. जिथं वाट तुटली तिथं रोग. टाकीपासनं चालत यायचं. सोपं हाय.

मेहुणे : वाट सोपी आहे दाजी, पण तुम्ही पाना घेऊनच निघालात. मी आधी स्कॅनर लावला असता.

दाजी : तुमचा स्कॅनर टाकीत वाकून बघतो व्हय?

मेहुणे : टाकीत नाही बघत. पण टाकीत वाकायची गरज आहे का, ते सांगतो.

दाजी : ते मलाबी सांगता येतं, फुकटात. पोराला सेल्फ मारायला लावायचा आन् आपन सायलेन्सरच्या मागं उभं ऱ्हायचं. पांढरा धूर आला, म्हंजे डिझेल आत पोचतंय पन जळत न्हाई. मग हीटर प्लग बघा, कॉम्प्रेशन बघा, टायमिंग बघा. धूरच न्हाई आला, तर डिझेल पोचत न्हाई. मास्तरांच्या गाडीला धुराचा पत्ता न्हाई.

मेहुणे : ही तपासणी मी पण करतो. पण डिझेल पोचत नाही एवढंच त्यातून कळलं, का पोचत नाही ते कळलं नाही. चावीतला इमोबिलायझर ओळख देत नसेल तरी धूर येणार नाही. क्रँक सेन्सर मेला असेल तरी नाही. तुमच्या जुन्या इंडिकाला हे काही नव्हतं. पंपाच्या डोक्यावर एक कट-ऑफ सोलेनॉइड, चावी दिली की टक् वाजायचा. वाजला, की डिझेलची वाट उघडली.

दाजी : आन् न्हाई वाजला तर बॅटरीवरनं एक वायर टाकायची, वाजायचा. 1998 ची गाडी ती, पन डोकं चालत हुतं तिच्यात. मेकॅनिकचं.

मी दाजींच्या बाजूचा माणूस, पण इथे मेहुण्यांचं म्हणणं पटतं. पूर्वी गाडीचं ‘डिझेल येत नाही’ म्हणजे खरोखर नळीतून डिझेल येत नसायचं. आता डिझेल सगळीकडे हजर असतं आणि तरी संगणक इंजेक्टर उघडत नाही. बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात.

मेहुण्यांनी स्कॅनर लावला. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे मिनिटाला अडीचशेच्या आसपास दिसत होते, म्हणजे क्रँक सेन्सर जिवंत. इमोबिलायझरची तक्रार नव्हती. रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीचं, प्रेशर मात्र नव्वद बारच्या पुढे सरकत नव्हतं.

दाजी : नव्वद बार म्हंजे थोडं झालं का? टायरात सव्वादोन बार असतंय.

मेहुणे : कॉमन-रेलला सुरू व्हायला साधारण दोनशे-अडीचशे बार तरी लागतात. गाडीगणिक आकडा थोडा इकडं-तिकडं. तेवढं झाल्याशिवाय ईसीएम, म्हणजे गाडीचा संगणक, इंजेक्टरला उघडायचा हुकूमच देत नाही. घाटात चढाला हीच रेल सोळाशे बारला जाते. नव्वदवर ती धरणार कशी?

दाजी : म्हंजे पंप गेला. त्या वर्कशॉपनंबी त्येच सांगितलं.

मेहुणे : नाही! त्यांनी आकडा बघितला असेलही, पण त्याचा एकच अर्थ लावला. प्रेशर न बनण्याला तीन वाटा आहेत. पंपाला डिझेल पुरेसं मिळत नाही, ही एक. पंप किंवा त्याच्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह कमजोर, ही दुसरी. आणि पंप बनवतोय ते प्रेशर इंजेक्टर रिटर्नच्या नळीतून गळू देतायत, ही तिसरी. पहिल्या वाटेचं काम शंभर-दोनशेत होतं. दुसऱ्या-तिसऱ्याला हजारांत पैसे जातात.

दाजी : आता पाना घिऊ का?

मेहुणे : घ्या. पण वरच्या पाइपांना हात लावू नका.

हे शेवटचं वाक्य गमतीने घ्यायचं नाही. जुन्या डिझेलला एअर काढायची रीत अशी होती, की फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू ढिला करून फीड पंपाच्या हातपंपाने डिझेल ढकलायचं, बुडबुडे संपले की स्क्रू कसायचा. त्यानेही नाही भागलं तर नोझलच्या पाइपाचं नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारायचा. नटाखालून फेस, मग थेंब, मग चिळकांडी. बोटाला डिझेल लागलं, की नट घट्ट. दाजींच्या पिढीने हे हजारो वेळा केलं आहे.

दाजी : चाळीस वर्सं केलं, बोटं जाग्यावर हायत.

मेहुणे : कारण तुमची नोझल शे-दीडशे बारला उघडायची. कॉमन-रेलचं नट ढिलं करून सेल्फ मारला आणि तेवढ्यात प्रेशर बनलं, तर धार दिसतसुद्धा नाही अशी बारीक निघते आणि कातडीतून आत जाते. टाचणी टोचल्यासारखं वाटतं, रक्तही फार येत नाही. माणूस फडक्याला हात पुसून कामाला लागतो. डिझेल आत मांसात पसरलेलं असतं. काही तासांत हात सुजतो आणि मग ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. अशा वेळी मलम-पट्टी करत बसायचं नाही, तडक सर्जनकडे जायचं आणि ‘हाय-प्रेशर डिझेल घुसलंय’ हेच शब्द सांगायचे.

दाजी गप्प झाले. मग फिल्टरकडे वळले. कमी प्रेशरच्या बाजूला, टाकी ते पंप एवढ्या अंगणात, दाजींना कुणी शिकवू नये. या गाडीच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नव्हता. हाय-प्रेशर पंपाच्या पोटातला छोटा पंपच डिझेल ओढून घेतो, आणि फिल्टरच्या डोक्यावर काळा हातपंप असतो.

दाजी : हे बघा. हातपंप दाबतोय, मऊ लागतोय. धा-पंधरा दाबांनंतर कडक झाला. आता सेल्फ मार रे. बघा, धरलं! मास्तर सांगत हुते, रोज सकाळी असंच. रातभर उभी ऱ्हायली की मऊ. दिवसा चालते. कालपासनं दिवसाबी न्हाई.

मेहुणे : थोडा वेळ चालली, बंद पडली. बरोबर. कडक झाला म्हणजे सगळं ठीक, असं मात्र धरू नका. फिल्टर चोंदला असेल तरी हातपंप कडकच लागतो.

दाजी : चोंदलेला कडक येगळा. पयल्या दाबालाच दगडासारखा. आन् दाबलेला पंप वरच येईना झाला, तर समजायचं टाकीकडनं वाट बंद. आतली जाळी धरली न्हाईतर पाइप चेपला. खंबाटकीच्या घाटात गाड्या चढाला मरायच्या. ड्रायव्हर म्हनायचा पंप गेला. आमी जाऊन टाकीचं झाकन सैल करायचो. फुस्स करून हवा आत. टाकीचं श्वासाचं भोक बंद झालं, की आत ओढ बसते आन् डिझेल यायचं थांबतं. झाकन सैल ठिवून गाडी डेपोत.

ही विद्या कुठल्या स्कॅनरमध्ये नाही. आणि या एका परिच्छेदात जेवढ्या बिघाडांची नावं आली, त्यातल्या एकालाही पंप बदलावा लागत नाही.

मेहुणे : फिल्टरमधलं पाणी बघितलं का?

दाजी : खालचा स्क्रू खोलून काचेच्या बाटलीत घेतलंय. ते बघा उजेडात.

बाटलीत वर सोनेरी डिझेल होतं आणि तळाला बोटाच्या पेरापेक्षाही कमी, गढूळ, किंचित तांबूस थर. बाटली कलवली की तो थर एकसंध घरंगळायचा, डिझेलमध्ये मिसळायचा नाही. एवढं पाणी पावसाळ्यानंतर पुष्कळ गाड्यांत सापडतं.

मेहुणे : हे काहीच नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर महिनाभर आमच्याकडे पंपांची रीघ. गाड्या बुडालेल्या, टाकीत श्वासाच्या नळीतून पाणी गेलेलं. लोकांनी गाडी धुतली, सीट वाळवले, बॅटरी लावली आणि सेल्फ मारला. तो एक सेल्फ महागात पडला. पंपाच्या आतले भाग मायक्रॉनच्या हिशेबात बसवलेले, त्यांना वंगण डिझेलचंच. पाणी गेलं की कोरडं घासतं, गंज धरतो, चुरा सुटतो आणि तो चुरा इंजेक्टरमध्ये. ज्यांनी आधी टाकी उतरवून धुतली, नळ्या फुंकल्या, फिल्टर नवा घातला, त्यांचे पंप वाचले.

दाजी : आमी टाकीत पानी आलं की थोडं रॉकेल टाकायचो, न्हाईतर थंडीत.

मेहुणे : कॉमन-रेलला रॉकेल म्हणजे वंगण काढून घेणं. तसंही 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा पीपीएमवर आलंय. गंधक काढताना डिझेलचा वंगणपणा घटतो, म्हणून कंपन्या त्यात वेगळं द्रव्य घालतात. त्यात तुम्ही रॉकेल ओतलं तर उरलं काय? आणि थंडीचं म्हणाल तर, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी आली की आमच्याकडे फोन येतात, ‘डिझेल गोठलं.’ एखाद्या पहाटे, उन्हाळी डिझेल भरलेल्या गाडीत मेण धरूही शकेल. नाही म्हणत नाही. पण बहुतेकदा निघतो तो मेलेला हीटर प्लग आणि दमलेली बॅटरी.

दाजी : हे मानलं. पन आता ह्या गाडीचं बोला.

मेहुणे : कॅन आणा. स्वच्छ डिझेलचा.

इथे दोघांची मतं पहिल्यांदा जुळली. गॅरेजची भाषा ‘कॅनवर चालवून बघू’, बेंचवाल्याची भाषा ‘पुरवठा बाजूला काढू’. काम एकच. गाडीची टाकी आणि फिल्टर दोन्ही वगळून, पंपाला येणारी नळी काढायची, तिथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक नव्या डिझेलच्या कॅनमध्ये बुडवायचं. नळी आधी डिझेलने भरून घ्यायची, म्हणजे पंप कोरडा फिरत नाही. पारदर्शक नळी फक्त या ओढीच्या बाजूलाच चालते.

सेल्फ मारला. स्कॅनरवर आकडा नव्वद ओलांडून गेला, दोनशे दाखवला, दोनशे ऐंशीला गाडी धरली. मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

दाजी : पंप निर्दोष!

मेहुणे : निदान आजच्यापुरता. आता हाच नळीचा तुकडा फिल्टर आणि पंपाच्या मधे लावा, गाडीच्या स्वतःच्या टाकीवर.

तो लावला. इंजिन सुरू असताना नळीत आधी काही दिसलं नाही. मग एक बुडबुडा आला, मोहरीएवढा, नळीच्या वरच्या बाजूला चिकटून सरकला आणि पंपाकडे गेला. त्याच्या मागे आणखी एक. थोड्या वेळाने ओळीने येऊ लागले आणि इंजिनाचा आवाज फाटला.

दाजी : आता स्कॅनर ठेवा बाजूला. ही एअर कुठनं येतीय ते माझं काम. ओढीची बाजू हाय. भोक असलं तरी डिझेल गळनार न्हाई, हवा आत जानार. म्हनून खाली डाग न्हाई. लोक डाग शोधतात आन् म्हनतात लिकेज न्हाई.

हे वाक्य डिझेल गाडीच्या प्रत्येक मालकाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाडीत नळी फुटली तर डिझेल बाहेर येतं, वास येतो. ओढीच्या गाडीत जमीन कोरडी राहते आणि दुखणं लपून राहतं. रात्रभर त्याच फटीतून हवा शिरते, नळीतलं डिझेल मागे टाकीत उतरतं, आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी नुसती हवा.

दाजींनी टाकीकडच्या एकेक जोडाला ब्रशने नवं डिझेल लावत नेलं. डिझेलने फट क्षणभर बुजते आणि बुडबुडे थांबतात. फिल्टरच्या तळाला पाण्याचा सेन्सर बसवलेला असतो. ब्रश तिथे फिरताच नळी स्वच्छ झाली. सेन्सर काढला. त्याची रबरी रिंग चपटी पडलेली, एका बाजूने चिरलेली. मागच्या सर्व्हिसला फिल्टर नवा घातला, रिंग जुनीच ठेवली. किटमध्ये नवी रिंग आलेली असणारच. ती कुठे गेली, ते विचारून उपयोग नव्हता.

दाजी : झालं. रिंग घाला, एअर काढा, मास्तरांना घरी पाठवा. तुमचा आकडा कशाला पायजे हुता?

मेहुणे : आकडा नसता तर तुम्ही आधी टाकी उतरवली असती, मी पंप. दोघांनीही मास्तरांचा दिवस घालवला असता. आता इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून टाकतो.

दाजी : गाडी सुरू झाली की वो!

मेहुण्यांनी चार बारक्या बाटल्या काढल्या. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक नळी. गाडी थोडा वेळ आयडलला ठेवली. तीन बाटल्यांत डिझेल जवळजवळ एका रेषेत, तिसऱ्या नंबरच्या बाटलीत मात्र दुपटीच्या वर.

मेहुणे : हा इंजेक्टर गळतोय. आज थंड इंजिनाला चालेल. गरम झाल्यावर डिझेल पातळ होतं, गळती वाढते. उन्हाळ्यात पेठ नाक्याला चहाला थांबलात तर परत सुरू व्हायला त्रास देईल.

दाजी : म्हंजे शेवटी खर्च हायच. त्या वर्कशॉपचंच खरं केलं तुमी.

मेहुणे : त्यांनी चार सांगितले होते, वर पंप. मी एक सांगतोय, तोही आधी बेंचवर लावून. नुसतं नोझल आणि व्हॉल्व्ह बदलून सुधारला तर सुधारला. आणि नवा-जुना कुठलाही घातला तरी त्याच्या अंगावरचा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर गाडी ठोके देते.

दाजी : मी न्हाई काढनार. चालतोय त्याला हात लावू नये. एकाला काढलं की तांब्याचा वायसर, बोल्ट, कचरा, सतरा भानगडी. गरम सुरू न्हाई झाली तर बघू.

मेहुणे : रस्त्यावर बंद पडल्यावर बघणार?

दाजी : पेठ नाक्याला तुमी जवळ हायच की.

हा वाद तिथे मिटला नाही, आणि मला वाटतं मिटवायची गरजही नव्हती. गळका इंजेक्टर आज काढायचा की वर्षाने, हा मास्तरांच्या खिशाचा आणि प्रवासाचा प्रश्न आहे. मास्तर साताऱ्यातच फिरतात. मी त्यांच्या जागी असतो तर दाजींचं ऐकलं असतं. रोज कराड-सांगली करणाऱ्याने मेहुण्यांचं ऐकावं. पण दोघांच्याही मते पंप बदलायचं कारण नव्हतं, आणि कागदावर सगळ्यात मोठी रक्कम पंपाचीच होती.

तुमची डिझेल गाडी अशी अडली तर सारखा सेल्फ मारत राहू नका. कोरडा पंप फिरवून चांगला पंपही जातो. धक्का मारायला चार माणसं गोळा करू नका, आणि हवेच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे तर मुळीच मारू नका. हीटर प्लग तापलेले असले तर स्फोट होऊ शकतो. गाडी वर्कशॉपला गेली आणि पंपाचं नाव निघालं, तर परवानगी देण्याआधी दोन आकडे जॉब कार्डवर लिहून मागा. पहिला, सेल्फ मारताना रेलचं प्रेशर किती आलं. दुसरा, स्वच्छ डिझेलच्या कॅनवर तेच प्रेशर किती आलं. दुसरा आकडा द्यायला जो तयार नसेल, त्याला पंप उतरवू देऊ नका.